खाल्ल्या मिठाचं गाव

संगीतकार बाखच्या नावाने जर्मनीत फिरायला निघालेला माणूस आयझेनाख, वायमार, लाइपझिग ही ठाणी करतो. जन्म तिथे, नोकरी इथे, समाधी तिकडे. ल्युनेबुर्ग मात्र सहसा राहून जातं. एक तर ते या साखळीपासून लांब, उत्तरेला, हॅम्बुर्गच्या खाली पन्नासेक किलोमीटरवर. दुसरं म्हणजे बाख तिथे जेमतेम दोन वर्षं होता, तेही विद्यार्थी म्हणून. त्याचं घर नाही, वाद्य नाही, त्याच्या नावाचं मोठं संग्रहालय नाही. आहे ते एवढंच: मिखाएलिस चर्चसमोरच्या चौकाला दिलेलं नाव, आणि चर्चमधले कललेले खांब.

त्या खांबांसाठी मुद्दाम जावं. फक्त जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असावी, नाहीतर ल्युनेबुर्ग म्हणजे लाल विटांचं एक देखणं गाव, यापलीकडे हाताला काही लागत नाही. ती गोष्ट म्हणजे मीठ. गावाखाली मिठाचा प्रचंड घुमट आहे. गाव त्याच्यावर श्रीमंत झालं आणि त्याच्यामुळेच खचतंही आहे. पंधरा वर्षांच्या पोरक्या बाखला इथे दोन वेळचं जेवण मिळालं, त्याची मुळंही त्या मिठातच आहेत.

बाखची आई १६९४ मध्ये गेली, वडील १६९५ च्या फेब्रुवारीत. दहा वर्षांचं पोर ओर्ड्रुफला थोरल्या भावाकडे आलं. भावाचा स्वतःचा संसार वाढता. ओर्ड्रुफच्या शाळेच्या नोंदवहीत बाखने १५ मार्च १७०० ला शाळा सोडल्याची नोंद आहे आणि कारण लॅटिनमध्ये दिलंय: फुकट जेवणाखाण्याची सोय उरली नाही म्हणून. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. हे प्रकरण त्याच जातीचं. श्रीमंतांच्या मुलांना शिकवावं आणि बदल्यात त्यांच्या घरी जेवावं, ही तिथली रीत. ती घरं तुटली की शिक्षण तुटलं.

ओर्ड्रुफच्या शाळेतला संगीतशिक्षक एलियास हेर्डा स्वतः ल्युनेबुर्गला शिकलेला. तिथल्या मिखाएलिस शाळेत गाणाऱ्या गरीब मुलांना जेवण, राहणं आणि वर थोडे पैसे मिळतात, हे त्याला ठाऊक होतं. बाख आणि त्याच्याहून थोडा मोठा मित्र गेओर्ग एर्डमान असे दोघे निघाले. तीनशे किलोमीटरहून जास्त वाट, बहुधा पायीच. २१ मार्चला, वाटेतच, बाखला पंधरा पूर्ण झाली. ईस्टरच्या आधी दोघे पोचले, आणि त्या वसंतातल्या गायकांच्या पगारपत्रकात दोघांचीही नावं आहेत, नावापुढे प्रत्येकी १२ ग्रोशन. २४ ग्रोशनचा एक थालर, म्हणजे हा अर्धा थालर झाला. उत्तर जर्मनीतल्या गावाला आवाज हवा होता आणि थ्युरिंगियाच्या, म्हणजे बाखच्या मुलखातल्या, मुलांचं गाणं नावाजलेलं होतं. सौदा सरळ होता.

आता हे जेवण कुठून येत होतं? सम्राट ओटो पहिला याने १३ ऑगस्ट ९५६ ला एक दानपत्र दिलं. ल्युनेबुर्गच्या मिठावरची जकात त्याने संत मिखाएलच्या मठाला लावून दिली. गावातल्या मिठाचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा. मठ तेव्हा गावाबाहेरच्या काल्कबेर्ग टेकडीवर होता. १३७१ मध्ये सत्तासंघर्षात तो पाडला गेला, मग गावाच्या तटाच्या आत नवं चर्च बांधायला घेतलं; ते काम १३७६ पासून १४१८ पर्यंत चाललं. पुढे मठ प्रॉटेस्टंट झाला, १६५६ मध्ये तिथे सरदारपुत्रांची शाळा निघाली, त्या शेजारी गरिबांची लॅटिन शाळा होतीच. नावं बदलली, धर्मपंथ बदलला, पण मालमत्ता तीच राहिली आणि तिच्या तळाशी मीठजकात होती. बाखने ल्युनेबुर्गचं मीठ खाल्लं, हे वाक्य म्हणून नुसतं अलंकारिक नाही.

मीठ कसं काढत, हे जुन्या कारखान्याच्या जागेवरच्या मीठ संग्रहालयात नीट पाहायला मिळतं. त्याला दीड तास द्यावा. आपल्या डोळ्यासमोर मिठागर म्हटलं की उरण, पेणकडचे खाजणातले चौकोन येतात: भरतीचं पाणी घ्यायचं, ऊन आणि वाऱ्याने आटवायचं, फळ्याने ओढून रास करायची. इथे समुद्रही नाही आणि तसं ऊनही नाही. जमिनीखालचं पाणी मिठाच्या घुमटाला भिडून विरघळवत राहतं आणि जवळजवळ संपृक्त होऊन विहिरीत येतं. वजनाने सुमारे २६ टक्के मीठ, म्हणजे लिटरमागे ३०० ग्रॅमच्या आसपास. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम असतं. ऊन नाही ही अडचण या दाटपणाने भरून निघाली. पाणी थोडंच आटवायचं असेल तर लाकूड जाळून आटवणंही परवडतं. खाणीच्या विहिरीभोवती ५४ भट्टीघरं होती, प्रत्येकात शिशाच्या चार उथळ कढया, एकूण २१६. खाली रात्रंदिवस जाळ. शिसं का, तर ते सहज ठोकून कढई बनते, फुटली तर वितळवून पुन्हा ओतता येते आणि खारं पाणी त्याला लोखंडासारखं खात नाही. धुरात आणि वाफेत शिसं शरीरात जायचं ते वेगळंच. लोखंडी कढया अठराव्या शतकाच्या शेवटी आल्या, म्हणजे बाखच्या काळी सगळा धूर शिशाच्या कढयांखालून येत होता. त्याची शाळा तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर.

या लाकूडतोडीनेच ल्युनेबुर्गचा प्रसिद्ध माळ उजाड झाला, असं बरेच वाटाडे सांगतात. ऐकायला छान आहे, पण तो माळ मिठाच्या कारखान्यापेक्षा हजारो वर्षं जुना आहे. जनावरं चारणाऱ्या शेतकऱ्यांनी तो कधीच मोकळा करून ठेवला होता. इथे मिठाच्या नावावर सगळंच खपवलं जातं.

त्याचं दुसरं उदाहरण म्हणजे वागेश्ट्रासे या गल्लीतलं ‘गरोदर घर’. विटांची भिंत पोटासारखी पुढे आलेली, पर्यटक तिला हात लावून फोटो काढतात आणि ‘जमीन खचली’ म्हणत पुढे जातात. ही भिंत मात्र खचण्याने फुगलेली नाही. जवळ जाऊन विटांमधले सांधे पाहावेत. इथे चुना नाही, जिप्सम आहे, काल्कबेर्ग टेकडीतून खणलेलं. जिप्सम साधारण दीडशे अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. ती भुकटी पाण्यात कालवली की पटकन घट्ट बसते. भट्टी जास्त तापली की मात्र सगळंच पाणी निघून जातं आणि ती भुकटी ‘मेलेली’ होते. लावताना ती ताबडतोब पाणी घेत नाही. पण पुढे वर्षानुवर्षं पावसाची, हवेची ओल हळूहळू पीत राहते आणि पिता पिता फुगते. भिंत उभी राहिल्यावर सांधे आतून जाड होऊ लागले की विटांना बाहेर सरकण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे दोष जमिनीचा नाही, भट्टीवाल्याच्या हाताचा. स्वयंपाकात मिठाचा हात चुकावा तसा इथे जाळाचा चुकला.

खरं खचणं पाहायचं तर गावाच्या पश्चिमेच्या अंगाला जायचं. तिथे घुमटातलं मीठ विरघळतं, पोकळी होते आणि वरची जमीन सावकाश बसते. मीठ काढणं १९८० मध्ये थांबलं. पाण्याने मीठ विरघळवणं थांबलेलं नाही, कारण ते माणसाच्या आधीपासून चालू आहे. फ्रोमेश्ट्रासेवर एका वाड्याच्या लोखंडी फाटकाचे दोन्ही खांब जमिनीने एकमेकांकडे असे लोटले आहेत की दारं एकावर एक चढली. लोकांनी त्याला ‘पाताळाचं दार’ असं नाव ठेवलंय. मीठ कामगारांचं लाम्बेर्टी चर्च तर खचल्यामुळे १८६०-६१ मध्ये पाडावं लागलं. बाखने ते उभं पाहिलं होतं. आज तिथे मोकळी जागा आहे, आणि आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या ओळीत नाहीत.

मिखाएलिस चर्च या खचणाऱ्या पट्ट्याच्या काठावर आहे. आत गेल्यावर आधी मधल्या वाटेने पार पुढे, वेदीपाशी जायचं आणि तिथून मागे वळून पश्चिमेला, ऑर्गनकडे पाहायचं. बाहेरून आत येताना नजर कमानींवर जाते, तेव्हा काही कळत नाही. वळून पाहिलं की दोन्ही बाजूंचे जाड खांब सरळ नाहीत हे एकदम ध्यानात येतं आणि क्षणभर आपणच कललो आहोत असं वाटतं. याचा फोटो काढताना हमखास फसायला होतं. मोबाइलमधल्या रुंद भिंगाने काठावरचे खांब मुळातच वाकडे येतात, मग खरा कल कोणता आणि भिंगाचा कोणता हे सांगता येत नाही. साध्या भिंगाने, खांब चौकटीच्या मधोमध घेऊन, पडद्यावरच्या उभ्या रेषा चालू करून काढावा. नाहीतर गवंडी करतो ते करावं: दोऱ्याला किल्ली बांधायची, हात लांब धरायचा, ओळंबा स्थिर झाला की एक डोळा मिटून त्याच्यामागे खांब धरायचा. किल्ली खोटं बोलत नाही.

आतलं बाकी फार काही बाखच्या काळचं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. ऑर्गनचा नक्षीदार दर्शनी भाग माथियास ड्रोपा याच्या हातचा, १७०८ मध्ये पुरा झालेला. बाख तोवर गाव सोडून गेला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस चर्च ‘उजळ’ करायच्या भरात बरंच जुनं सामान काढून टाकलं. चर्चचं खरं वैभव तर बाखने पाहिलंच नाही: मुख्य वेदीवरचा सोन्याचा पत्रा आणि रत्नं निकेल लिस्ट नावाच्या दरोडेखोराच्या टोळीने १६९८ मध्ये, म्हणजे बाख येण्याच्या दोनच वर्षं आधी, पळवली होती. पुढल्या वर्षी लिस्टला त्सेले गावी देहदंड झाला. शाळेच्या ओट्यावर त्या दरोड्याच्या गोष्टी रंगत असणार, यासाठी पुरावा लागू नये.

इथे गाणाऱ्या बाखचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७५४ मध्ये छापलेल्या लेखात सापडतं. त्याचा एक लेखक खुद्द मुलगा, कार्ल फिलिप एमानुएल. ल्युनेबुर्गला आला तेव्हा बाखचा आवाज अतिशय सुरेख, मुलांचा उंच पट्टीतला होता. एके दिवशी गाता गाता त्या स्वराबरोबर खालच्या सप्तकातला तोच स्वर त्याच्या गळ्यातून निघू लागला. आठ दिवस तो असाच दोन सप्तकांत बोलत आणि गात राहिला, मग वरचा आवाज गेला तो गेलाच. आवाजावर जेवणाऱ्या मुलाचा आवाज फुटणं म्हणजे ओर्ड्रुफची गोष्ट पुन्हा. पण शाळेने त्याला काढलं नाही. तो साथीला, वाद्यांना उपयोगी पडत असावा. १७०२ च्या सुमारापर्यंत तो इथेच आहे.

आवाज गेलेल्या मुलाने कान कुठे लावले, हे समजायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मिखाएलिसहून चौकातल्या नगरभवनावरून, मग बाजारपेठेतून ‘आम झांडे’ या लांबट चौकात यायचं. रमत गेलं तरी वीस मिनिटं. वाटेतल्या घरांच्या दारांच्या कडांना दोरासारख्या पीळ दिलेल्या विटा आहेत, त्या ल्युनेबुर्गची खास ओळख. दुसऱ्या महायुद्धात गाव बऱ्यापैकी बचावलं म्हणून त्या अजून जागच्या जागी. नगरभवनाच्या मनोऱ्यात माइसनच्या चिनीमातीच्या ४१ घंटा आहेत. ठरावीक वेळी त्या गाणं वाजवतात आणि सगळे मान वर करून उभे राहतात. ती गाणी बाखची नव्हेत, इथेच १७४७ मध्ये जन्मलेल्या योहान शुल्त्सची आहेत. नगरभवनाच्याच चौकात ड्यूकचा वाडा आहे, आता तिथे न्यायालय भरतं. त्सेलेच्या ड्यूकचा वाद्यवृंद बहुतेक फ्रेंच वादकांचा, आणि बाखने तो ऐकला हे मृत्यूलेखात आहे. कुठे ऐकला? त्सेले ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर. ड्यूकचा वाडा शाळेपासून दहा मिनिटांवर असताना विद्यार्थ्याने एवढी पायपीट केली असेल असं वाटत नाही.

आम झांडेच्या टोकाला योहानिस चर्चचा १०८ मीटर उंच मनोरा. त्याचं टोक दोन मीटरहून जास्त कललेलं आहे. (मनोरा वाकडा झाला म्हणून बांधणाऱ्याने वरून उडी टाकली, खाली गवताच्या गाडीवर पडून वाचला, ते साजरं करायला गुत्त्यात गेला आणि बाकावरून पडून मेला, ही इथली लाडकी दंतकथा.) आतला ऑर्गन १५५३ चा, हॉलंडातून आलेल्या कारागिरांनी बांधलेला. त्याच्यासमोर १६९८ पासून १७३३ पर्यंत गेओर्ग ब्योम बसत होता. ब्योम होहेनकिर्खेनचा, म्हणजे ओर्ड्रुफच्या शेजारच्या गावचा. तीनशे किलोमीटर चालून आलेल्या मुलाला इथे आपल्या मुलखाची बोली बोलणारा उत्तम वादक भेटला. ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना जे उंच मनोरे दिसतात, ते पायपट्ट्यांच्या खर्जातल्या नळ्यांचे. ते ड्रोपाने १७१२ ते १४ दरम्यान जोडले. म्हणजे बाखने ऐकलेला ऑर्गन आजच्यापेक्षा पायात कमकुवत होता. मोठा खर्ज ऐकायचा तर हॅम्बुर्गला, कातरीना चर्चमध्ये, तिथल्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाकडे, राइंकेनकडे जावं लागे, आणि बाख जात असे.

त्या वाटेवरची एक गोष्ट १७८६ मध्ये छापली गेली. परतताना खिशात काही शिलिंग उरलेले, खाणावळीबाहेर भुकेला बाख बसलेला. वरची खिडकी उघडली आणि कोणीतरी हेरिंग माशाची दोन मुंडकी उकिरड्यावर भिरकावली. त्याने ती उचलली, फोडली, तर प्रत्येकात एकेक डॅनिश सोन्याचं नाणं. पोटभर जेवून तो पुन्हा राइंकेनकडे वळला म्हणे. खरीखोटी कोण जाणे. पण बाल्टिकमधल्या हेरिंगला टिकवणारं मीठ शतकानुशतकं ल्युनेबुर्गहून ल्युबेकला जात होतं. गोष्ट रचणाऱ्यानेही जिन्नस बरोबर निवडला.

बाख ब्योमकडे शिकला का, यावर अभ्यासक फार काळ घुटमळत होते. पुरावा नव्हता. १७७५ मध्ये कार्ल फिलिप एमानुएलने वडिलांच्या चरित्रकाराला पत्र लिहिलं, त्यात आधी ‘त्यांचे गुरू ब्योम’ असं लिहिलं, मग ‘गुरू’ खोडून ‘ल्युनेबुर्गचे ऑर्गनवादक ब्योम’ असं केलं. वडील स्वतःच्या बळावर घडले, हे चित्र त्याला मलिन होऊ द्यायचं नसावं. ती खोडाखोड कागदावर राहिली. आणि वायमारच्या ग्रंथालयात काही जुने कागद हाती आले; २००६ मध्ये ते जाहीर झाले. २००४ च्या आगीत त्या ग्रंथालयातली हजारो पुस्तकं गेली होती, हे कागद वाचले होते. त्यात बुक्सटेहुडे आणि राइंकेन या उत्तरेकडच्या ऑर्गनवादकांच्या रचना पोरवयातल्या बाखच्या अक्षरात उतरवलेल्या. पाच रेघांच्या लिपीत नाहीत, अक्षरांच्या लिपीत: आपल्या भातखंडे लिपीत जसं सा, रे, ग लिहून वर-खाली खुणा देतात, तसं स्वरांची अक्षरं आणि त्यांच्यावर कालमापाची चिन्हं. रेघा आखायच्या नसल्याने कागद कमी लागतो, म्हणून महागड्या कागदाच्या दिवसांत ऑर्गनवाल्यांना ही लिपी सोयीची. राइंकेनची रचना तीनशेहून जास्त मात्राखंडांची, हातभर लांब गुंतागुंतीची. शेवटी लॅटिनमध्ये ओळ: गेओर्ग ब्योम यांच्याकडे उतरवली, सन १७००, ल्युनेबुर्ग.

पोचल्याच्या वर्षीच, म्हणजे. पंधरा वर्षांचा मुलगा मिखाएलिसहून याच चौकातून ब्योमच्या घरी जात होता.

प्रत्यक्ष जाण्याचं म्हणाल तर हॅम्बुर्ग मुख्य स्थानकावरून प्रादेशिक गाडीने अर्धा-पाऊण तास. तिकीट काढताना गाडी कोणती ते बघावं; प्रादेशिक तिकिटावर जलद आयसीई चालत नाही आणि दंड होतो. सोमवार टाळावा, संग्रहालयं बंद असतात. रविवारी सकाळी दोन्ही चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा हिंडता येत नाही, पण गाणं ऐकायचं असेल तर तीच वेळ. स्थानक गावाच्या पूर्वेला, मिखाएलिस पश्चिमेला. बहुतेक लोक वाटेतल्या योहानिसमध्ये आधी शिरतात. उलटं करावं: सकाळी तडक मिखाएलिस गाठावं, मग मीठ संग्रहालय, दुपार कलताना काल्कबेर्गवर चढावं. टेकडी समुद्रसपाटीपासून छप्पन्न मीटरच. जिप्समसाठी खणून खणून उरली ती एवढी. पण तिसऱ्या प्रहरी सूर्य पाठीशी येतो आणि समोरचं लाल गाव, चर्चचे मनोरे, मीठ कारखान्याची जागा सगळं एका नजरेत येतं. सकाळी तेच डोळ्यांवर ऊन घेऊन बघावं लागतं. योहानिस शेवटी, परतीच्या वाटेवर. फक्त ते किती वाजता बंद होतं हे त्या दिवशीचं पाहून ठेवावं.

पुढे एर्डमान रशियाच्या झारचा प्रतिनिधी म्हणून डान्झिगला गेला. लाइपझिगच्या नोकरीला वैतागलेल्या बाखने १७३० मध्ये त्यालाच आपली खंत लिहून कळवली. बाखची अशी मोकळी पत्रं फारशी उरलेली नाहीत. आणि त्याआधी, १७२७ मध्ये, लाइपझिगला स्वतःच्या खर्चाने दोन पार्तिता (पट्ट्यांच्या वाद्यासाठीच्या रचना) छापून बाखने विक्रीसाठी निरनिराळ्या गावांतल्या ओळखीच्यांकडे ठेवल्या, त्याची जाहिरात दिली. ल्युनेबुर्गमध्ये प्रत हवी असेल तर कोणाकडे जावं, याचं नाव त्या जाहिरातीत आहे: योहानिसचे ऑर्गनवादक, श्री. ब्योम.